लहान मुलांमधील कान व घशाचे विकार

लहान मुलांमधील कान व घशाचे विकार या संज्ञेत मध्यकर्णाचा दाह, कान वाहणे, कानात मळ किंवा बुरशी साचणे, घसा सुजणे, तसेच टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड या ग्रंथींची वाढ यांचा समावेश होतो. यांतील बहुतेक तक्रारी सर्दी-पडशातून उद्भवतात व काही दिवसांत आपोआप बऱ्या होतात. तथापि दोन बाबतींत दुर्लक्षाचा परिणाम आयुष्यभर टिकू शकतो. वाहता कान तसाच राहू दिल्यास श्रवणशक्ती घटते. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे झालेल्या घसादुखीवर पुरेसा उपचार न झाल्यास काही मुलांना संधिज्वर होऊन हृदयाच्या झडपांना इजा पोहोचते. हे दोन्ही धोके बव्हंशी टाळता येण्याजोगे आहेत. प्रस्तुत लेखात या विकारांची माहिती पालघर जिल्हा व विशेषतः बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात दिली आहे.

== शरीररचना व कारणे ==

कानाचा पडदा व अंतर्कर्ण यांच्यामधील हवेने भरलेल्या पोकळीला मध्यकर्ण म्हणतात. ही पोकळी यूस्टेशियन नलिकेने नाकाच्या मागील भागाशी जोडलेली असते. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब समान राखणे व मध्यकर्णातील स्राव बाहेर काढून देणे ही या नलिकेची कार्ये होत. अर्भकांमध्ये ही नलिका प्रौढांपेक्षा आखूड, अरुंद व जवळजवळ आडवी असते. त्यामुळे नाक-घशातील संसर्ग सहज कानात पोहोचतो आणि सर्दीत नलिका सुजली की आतील द्रव कोंडून राहतो. मूल वाढते तशी नलिका लांब व तिरकी होते. म्हणून कानाचे दुखणे पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक आढळते व शालेय वयात कमी होत जाते.

नाकाच्या मागे असलेली अ‍ॅडेनॉइड ग्रंथी व घशाच्या दोन्ही बाजूंच्या टॉन्सिल ग्रंथी बालवयात मोठ्या असतात. अ‍ॅडेनॉइड फार वाढल्यास नलिकेचे तोंड दबते. असे मूल तोंडाने श्वास घेते, झोपेत घोरते व त्याला वारंवार कानाच्या तक्रारी होतात.

चुलीचा अथवा विडी-सिगारेटचा धूर, दाटीवाटीची वस्ती, कुपोषण, आडवे निजवून बाटलीने दूध पाजणे व स्तनपानाचा अभाव यांमुळे हे विकार बळावतात. फाटलेल्या टाळूसह जन्मलेल्या बालकांत मध्यकर्णाचे विकार विशेषत्वाने आढळतात.

== पालघर व बोईसर-तारापूर परिसर ==

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यात पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड हे आठ तालुके आहेत. पश्चिमेस सातपाटी, चिंचणी, डहाणू अशी किनारी गावे, पूर्वेस वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी या आदिवासी समाजांची डोंगराळ वस्ती आणि मध्ये बोईसरलगतचे तारापूर औद्योगिक क्षेत्र अशी त्याची रचना आहे.

या तिन्ही भागांत विकारांची पार्श्वभूमी काहीशी भिन्न आहे. किनारपट्टीवर पावसाळ्यातील दमट हवेमुळे बाह्यकर्णात बुरशी वाढण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. डोंगराळ पाड्यांवर बंदिस्त झोपडीतील चुलीचा धूर व कुपोषण हे घटक महत्त्वाचे ठरतात. तेथील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्या व बांधकामाच्या कामांसाठी स्थलांतर करतात. त्यामुळे लसीची मात्रा चुकणे, कानाचा उपचार अर्धवट राहणे हे प्रकार घडतात. बोईसर परिसरात रसायने, औषधे, पोलाद व कापड यांचे कारखाने असून अन्य राज्यांतून आलेली कामगार कुटुंबे लहान खोल्यांत दाटीने राहतात. एका मुलाचा घसा धरला की संसर्ग घरभर पसरण्यास अशी दाटी कारणीभूत होते. प्रदूषित हवेमुळे श्वसनमार्गाचा दाह वाढत असल्याने नाक व घशाच्या तक्रारींतही भर पडते.

== कानाचे विकार ==

=== तीव्र मध्यकर्णदाह ===

सर्दीनंतर दोन-तीन दिवसांत अचानक कान दुखू लागणे, ताप येणे व रात्री मूल रडत उठणे ही याची ठळक लक्षणे होत. बोलता न येणारे बाळ कान ओढते, दूध पिताना रडते किंवा चिडचिडे होते. मात्र केवळ कान ओढणे हे दुखण्याचे निश्चित लक्षण मानता येत नाही. पू साचून पडद्यावर ताण आल्यास त्याला छिद्र पडते, पू बाहेर येतो व वेदना एकदम थांबते. यालाच बोलीभाषेत 'कान फुटणे' म्हणतात. वेदना थांबली म्हणजे आजार संपला असा समज येथे घातक ठरतो. पडदा बहुधा काही आठवड्यांत भरून येतो, परंतु त्याची तपासणी होणे आवश्यक असते.

वेदनेसाठी मुलाच्या वजनानुसार पॅरासिटामॉल दिले जाते. प्रतिजैविक प्रत्येक वेळी लागत नाही. दोन वर्षांवरील मुलाचा त्रास सौम्य असल्यास डॉक्टर दोन-तीन दिवस वाट पाहण्याचा सल्ला देऊ शकतात. सहा महिन्यांखालील बाळ, तीव्र ताप, दोन्ही कानांचा संसर्ग किंवा पू वाहणे अशा स्थितीत मात्र प्रतिजैविक साधारणतः दिले जाते. सुरू केलेले औषध ठरलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण करणे आवश्यक असते.

=== मध्यकर्णात द्रव साचणे ===

संसर्ग ओसरल्यावरही मध्यकर्णात चिकट द्रव राहू शकतो. यात वेदना किंवा ताप नसतो, केवळ ऐकू कमी येते. त्यामुळे हा विकार पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. बहुतेक मुलांत हा द्रव तीन महिन्यांत आपोआप नाहीसा होतो. त्याहून अधिक काळ तो टिकल्यास श्रवणचाचणी करतात व गरजेनुसार पडद्यात सूक्ष्म नळी बसवतात.

=== वाहता कान ===

दोन आठवड्यांहून अधिक काळ पू वाहत राहिल्यास त्यास जुनाट मध्यकर्णदाह म्हणतात. कानात सतत ओल राहिल्याने पडद्याचे छिद्र भरत नाही. कान कोरडा ठेवणे हा उपचाराचा पाया आहे. स्वच्छ, शोषक सुती कापडाची वात वळून ती हलक्या हाताने कानात ठेवावी, भिजल्यावर काढून दुसरी ठेवावी व वात कोरडी निघेपर्यंत ही कृती दिवसातून तीनदा करावी. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब घालावेत. वात कानात विसरून राहू देऊ नये. अंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नये. कान कोरडा होईपर्यंत नदी, खाडी वा विहिरीत पोहणे टाळावे. कानामागे दुखरी सूज येणे हे संसर्ग हाडात पसरल्याचे लक्षण असून अशा मुलास त्वरित रुग्णालयात न्यावे लागते.

=== मळ, बुरशी व परवस्तू ===

कानातील मळ त्वचेचे रक्षण करतो व सहसा आपोआप बाहेर सरकतो. काडी, पिन वा कापसाच्या बोळ्याने तो आत ढकलला जातो आणि पडद्याला इजा होण्याची भीती असते. बुरशी झाल्यास कानात तीव्र खाज येते व कान बंद झाल्यासारखे वाटते. लहान मुले चिंचोका, हरभरा, मणी अशा वस्तू कानात घालतात. धान्य वा बी पाण्याने फुगते, म्हणून अशा वेळी कानात पाणी सोडू नये व वस्तू घरी काढण्याचा प्रयत्न करू नये. घड्याळ वा खेळण्यातील चपटी बॅटरी कानात अथवा नाकात गेल्यास काही तासांत आतील त्वचा भाजते. ती तातडीने काढणे अत्यावश्यक असते.

== घशाचे विकार ==

घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. नाक वाहणे, खोकला व आवाज बसणे ही सोबतची लक्षणे विषाणूजन्य दुखण्याकडे निर्देश करतात. अशा दुखण्यावर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही.

स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संसर्ग प्रामुख्याने ५ ते १५ वर्षांच्या मुलांत आढळतो. त्यात खोकला व सर्दी नसताना एकाएकी ताप येतो, गिळताना फार दुखते, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात व गळ्याच्या पुढील बाजूच्या गाठी दुखऱ्या होतात. घशातील स्राव तपासून निदान पक्के करता येते. पेनिसिलिन गटातील तोंडाने घ्यावयाचे औषध यासाठी १० दिवस दिले जाते. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो व पुष्कळ घरांत औषध तेथेच थांबवले जाते. तथापि उरलेल्या दिवसांचे औषध जिवाणूचा समूळ नाश करून संधिज्वर टाळण्यासाठी असते. संधिज्वराची लक्षणे घसादुखीनंतर दोन ते तीन आठवड्यांनी दिसू लागतात. एकामागून एक सांधे सुजणे, दम लागणे व हातापायांच्या अनैच्छिक हालचाली होणे ही त्यांपैकी प्रमुख होत. एकदा संधिज्वर झालेल्या मुलास तो पुन्हा होऊ नये म्हणून दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते.

टॉन्सिल केवळ मोठे दिसतात म्हणून शस्त्रक्रिया केली जात नाही. एका वर्षात सात वेळा, अथवा सलग दोन वर्षे प्रत्येकी पाच वेळा, अथवा सलग तीन वर्षे प्रत्येकी तीन वेळा तीव्र संसर्ग झाल्यास, किंवा झोपेत श्वास अडखळत असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

घशात करड्या रंगाचा चिवट पापुद्रा व मानेला सूज असल्यास घटसर्पाची शंका घ्यावी. लसीकरणामुळे हा आजार विरळ झाला असला, तरी मात्रा चुकलेल्या मुलांत तो अद्याप होतो व प्राणघातक ठरू शकतो.

== रूढ घरगुती उपाय ==

महाराष्ट्रात बाळाला न्हाऊ घातल्यावर कानात व नाकात तेल सोडण्याची आणि शेगडीवर ओवा, वेखंड टाकून धुरी देण्याची पद्धत आहे. पडद्याला छिद्र असल्यास तेल मध्यकर्णात जाऊन संसर्ग वाढवते. तेल गरम असल्यास कान भाजतो. लसूण कढवलेल्या तेलाबाबतही हेच म्हणता येईल. नाकात सोडलेले तेल श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकते व धुरीने श्वसनमार्गाचा दाह होतो. त्यामुळे अंगाला तेल लावणे चालू ठेवून कानानाकात तेल व धुरी हे दोन प्रकार वर्ज्य करावेत असा सल्ला दिला जातो.

कोमट पाणी, पेज, वरणाचे पाणी असे पातळ पदार्थ घशाला आराम देतात. सहा वर्षांवरील मुलांना मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करता येतात. मधाने खोकल्यास उतार पडतो, परंतु एक वर्षाखालील बाळास मध कदापि चाटवू नये. मुलांना ताप वा वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

== तातडीने उपचाराची लक्षणे ==

* श्वास घेताना आवाज येणे, छाती आत ओढली जाणे
* लाळ गळणे, थुंकीही न गिळता येणे, तोंड न उघडणे
* कानामागे सूज, चेहरा एका बाजूला वाकडा होणे
* ताप असताना मान ताठ होणे, गुंगी अथवा झटके येणे
* तीन महिन्यांखालील बाळास ताप, किंवा दूध पिणे बंद होणे

अशा वेळी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवता येते.

== प्रतिबंध ==

पहिले सहा महिने केवळ स्तनपान, दूध पाजताना बाळाचे डोके उंच धरणे, घरात धूर न होऊ देणे व हात धुण्याची सवय हे प्रतिबंधाचे साधे मार्ग आहेत. शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी हलकेच मोकळी करण्यास मुलांना शिकवावे. शासकीय लसीकरणातील पेंटाव्हॅलंट लस ६, १० व १४ व्या आठवड्यांत दिली जाते व ती घटसर्पापासूनही संरक्षण देते. तिच्यानंतर दीड व पाच वर्षांच्या सुमारास त्रिगुणी लसीच्या वर्धक मात्रा घ्याव्या लागतात. न्यूमोकॉकल लस २०२१ पासून देशभर उपलब्ध असून मध्यकर्णदाहाच्या एका प्रमुख जिवाणूविरुद्ध ती उपयुक्त आहे. गोवर-रुबेला लसीमुळे गोवरानंतरचा कर्णदाह टळतो, तसेच गर्भवतीस रुबेला होऊन बाळास येणारा जन्मजात बहिरेपणाही टळतो. गाव सोडून कामाला जाणाऱ्या कुटुंबांनी लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवावे. राहिलेली मात्रा कोणत्याही शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य घेता येते.

== तपासणीची व्यवस्था ==

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच झाला. त्या वेळी पालघर हा ठाणे जिल्ह्यातील तालुका होता. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. फिरती आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शासकीय शाळांत एकदा जातात. मध्यकर्णदाह, श्रवणदोष, दुभंगलेले ओठ व टाळू आणि संधिज्वरजन्य हृदयविकार यांचा तपासणीच्या यादीत समावेश आहे. दोष आढळल्यास मुलास पुढील उपचारासाठी पाठवले जाते. श्रवण व वाचा यांविषयीच्या विशेष सेवेसाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

== श्रवण, भाषा व शिक्षण ==

जन्मजात श्रवणदोष पहिल्या महिन्यात तपासून, तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित करून सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू करावेत असा संकेत आहे, कारण भाषा आत्मसात करण्याचा पाया पहिल्या काही वर्षांतच घातला जातो. मोठ्या आवाजाने न दचकणारे, सहा महिन्यांचे होऊनही आवाजाकडे न वळणारे किंवा दीड वर्षापर्यंत एकही शब्द न बोलणारे मूल तपासणीस न्यावे.

शाळेतील सौम्य बहिरेपणा ओळखणे अधिक कठीण असते. हाक मारल्यावर उत्तर न देणे, शिक्षकांच्या ओठांकडे टक लावून पाहणे, श्रुतलेखनात 'प' व 'त' किंवा 'स' व 'श' यांसारख्या ध्वनींची गल्लत करणे ही त्याची चिन्हे असू शकतात. पालघर जिल्ह्यात वारली, वाडवळी, मांगेली, गुजराती, हिंदी अशा विविध भाषा घरी बोलणारी मुले एकाच मराठी वर्गात बसतात. त्यामुळे मुलाचे न समजणे भाषेच्या अपरिचयाचे आहे की कानाच्या दोषाचे, याचा उलगडा होत नाही. घरच्या भाषेत, मुलाच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात विचारलेला साधा प्रश्न हा फरक प्रथमदर्शनी दाखवू शकतो. त्यास उत्तर न देणाऱ्या मुलावर 'लक्ष नाही' असा शिक्का मारण्यापूर्वी त्याचे कान तपासून घेणे इष्ट ठरते. साचलेला द्रव किंवा वाहता कान हे कारण निघाल्यास बहुतेकदा उपचाराने मुलाचे ऐकणे पुष्कळ सुधारते.