पाळीव कुत्र्याचा दंश आणि मालकाची कायदेशीर जबाबदारी

मावळ तालुक्यात कुत्रे नाही असे शेतघर विरळाच. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत भातखाचरांवर रानडुकरे उतरतात आणि डोंगरालगतच्या गोठ्यांना बिबट्याचे भय असते. अशा ठिकाणी रात्री जागणारे कुत्रे हे शेतकऱ्याचे अल्प खर्चाचे व विश्वासू पहारेकरी होय. लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूस बंगल्यांच्या राखणीसाठीही कुत्री ठेवली जातात. परंतु हाच पहारेकरी पाऊलवाटेने जाणाऱ्या शाळकरी मुलास, आवणीसाठी आलेल्या मजुरास अथवा टपाल घेऊन येणाऱ्या माणसास चावला, तर त्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार फारच थोडे मालक करतात. "जनावराला काय कळते?" असे म्हणून विषय सोडून देण्याचा प्रघात आहे. कायदा मात्र तसा सोडून देत नाही. जनावरास कळत नाही म्हणूनच ज्यास कळते त्या माणसावर तो जबाबदारी टाकतो.

कायदा काय सांगतो

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २८९ अन्वये ही जबाबदारी निश्चित केलेली होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ अंमलात आली असून आता हा विषय तिच्या कलम २९१ मध्ये येतो. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवास धोका किंवा जबर दुखापत संभवत असता, ती टाळण्यास पुरेशी अशी काळजी जो मनुष्य जाणूनबुजून किंवा हयगयीने घेत नाही, त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वी दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती. हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे पोलिसांस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तपास करता येतो. तो जामीनपात्रही आहे. हयगयीच्या कृत्यामुळे प्रत्यक्ष दुखापत झाली असेल तर कलम १२५ ही लागू होऊ शकते आणि दुखापत जबर असल्यास त्याखाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, कुत्रे चावले एवढ्यानेच गुन्हा सिद्ध होत नाही. मालकाने योग्य ती काळजी घेतली होती की नाही, हे न्यायालय पाहते. दुसरी अधिक महत्त्वाची. कलमात 'मालक' हा शब्द नसून 'ताब्यातील जनावर' असे शब्द आहेत. बंगल्याचा धनी मुंबईस राहतो आणि कुत्र्यास खाऊ घालणे, सोडणे व बांधणे हे काम मावळातील एखादा राखणदार करतो, अशी स्थिती लोणावळ्याच्या परिसरात असू शकते. अशा वेळी "कुत्रे साहेबांचे आहे" एवढे म्हटल्याने राखणदार मोकळा होत नाही. म्हणून राखणदारीचे काम पत्करताना कुत्र्याचे लसीकरण, पक्की साखळी व बंद होणारे फाटक यांची व्यवस्था धन्याकडून आधी करून घ्यावी. त्याचप्रमाणे नोकराच्या हयगयीबद्दल दिवाणी भरपाईची जबाबदारी धन्यावरही येऊ शकते, हे बंगलेवाल्यांनीही विसरू नये.

मुंबईतील दोन निकाल

असे खटले केवळ कागदावर राहत नाहीत. मुंबईत मे २०१० मध्ये वाद चालू असता एका मालकाने मोटारीचे दार उघडले व आतील रॉटवायलर जातीच्या कुत्र्याने एका वृद्ध गृहस्थास चावे घेतले. गिरगाव येथील दंडाधिकारी न्यायालयाने २०२३ साली त्या मालकास तीन महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली. दुसऱ्या प्रकरणात, वरळी येथे २०१८ साली उद्वाहकात शेजाऱ्यास कुत्रा चावल्याबद्दल मालकास २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. तेथे थांबण्याची विनंती केली असताही मालकाने कुत्रा आत आणला होता. दोन्ही प्रकरणांत आपले जनावर आवरणे मालकाच्या हाती होते. ते त्याने आवरले नाही. गावातही "तुमचा कुत्रा अंगावर येतो" असे कोणी एकदा सांगितले की, मालकास धोक्याची जाणीव नव्हती असे पुढे म्हणता येत नाही.

चावा घेतल्यावर काय करावे

खटला नंतरचा, आधी जीव. अलर्क म्हणजे रेबीज या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही; परंतु वेळीच उपचार घेतल्यास तो पूर्णपणे टाळता येतो. जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तीवर हळद, चुना किंवा मिरची लावू नये. त्याच दिवशी शासकीय रुग्णालय गाठावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ मागे पडला आहे. आता लस दंडात देतात. सुरुवातीचा दिवस, तिसरा, सातवा व अठ्ठाविसावा, अशा ठरलेल्या दिवशी ती घ्यावी लागते. स्नायूत लस देताना चौदाव्या दिवशीही मात्रा देतात. रक्त आले असल्यास जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही घ्यावे लागते. एकही मात्रा चुकवू नये.

कुत्र्यास मारू नये. त्यास बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावे. तो निरोगी राहिला तर डॉक्टरांना पुढील निर्णय घेणे सोपे जाते. शिवाय जनावरास विष घालणे किंवा ठार करणे हा न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. गाय, म्हैस किंवा शेळीस कुत्रा चावला असल्यास तिलाही लस टोचून घ्यावी, आणि पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावराचे दूध कोणी पिऊ नये.

भरपाई कशी मागावी

औषधोपचार, बुडालेली मजुरी व सोसलेल्या वेदना यांबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते. कलम २९१ माणसाच्या जिवापुरते आहे; शेळ्या-मेंढ्या फाडल्या असतील तर त्या नुकसानीसाठी दिवाणी मार्गच धरावा लागतो. याकरिता रुग्णालयाचा कागद, लस घेतल्याची नोंद, औषधांच्या पावत्या, जखमेचे छायाचित्र व साक्षीदारांची नावे जपून ठेवावीत. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींस मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. त्यासाठी वडगाव मावळ येथील न्यायालयात चौकशी करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती जखमीच्या घरी आवर्जून पोचवावी. कारण ज्या मजुराचा आठवड्याचा रोज बुडतो, त्यालाच ती बहुधा ठाऊक नसते.

मालकाने पाळावयाच्या गोष्टी

१. पिल्लू तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्यावी, त्यानंतर दरवर्षी ती द्यावी आणि दाखला घरात ठेवावा.

२. दिवसा, रहदारीच्या वेळी कुत्रे बांधावे अथवा कुंपणात ठेवावे. मात्र आखूड साखळीस अहोरात्र जखडून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे. शिवाय असे कुत्रे अधिकच चिडखोर बनते.

३. पाऊलवाट अंगणातून जात असेल तर सावधानतेची पाटी लावावी. पण केवळ पाटीने जबाबदारी संपत नाही, आणि लहान मुलास ती वाचताही येत नाही.

४. नको झालेले कुत्रे घाटात किंवा रस्त्यावर सोडू नये. तोही याच अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि अशीच कुत्री पुढे गावाची डोकेदुखी ठरतात.

कुत्र्याकडून आपण राखणीची अपेक्षा करतो. त्या कुत्र्यापासून शेजाऱ्याची राखण करणे हे आपले कर्तव्य होय. वर्षाची एक लस, एक पक्की साखळी आणि लागणारे फाटक, एवढ्या तजविजीने एखाद्या मुलाचा जीव वाचतो आणि मालकाची कोर्टाची पायरीही टळते.