दोन आसनांची मोटार आणि रोजचा रस्ता

दोनच आसने, काढता किंवा दुमडता येणारे छत, लांबट बॉनेट आणि आखूड पाठ अशा बांध्याच्या हलक्या स्पोर्ट्स मोटारीला रोडस्टर म्हणतात. बहुतेक घरांत अशी मोटार घेतलीच, तर ती सुट्टीच्या दिवसासाठी, म्हणजे दुसरी किंवा तिसरी गाडी म्हणून घेतली जाते; कार्यालयाला जाणे, बाजार करणे, पावसात घरी पोहोचणे ही कामे चार दारांच्या मोटारीकडेच राहतात. ही वाटणी रोडस्टरच्या जातीतच असलेल्या उणिवांमुळे झाली, की एका काळातील मोटारींच्या अनुभवावरून पडलेल्या समजुतीमुळे, याचा विचार करायचा तर माझदा या जपानी कंपनीच्या एमएक्स-५ या गाडीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. १९८९ पासून ती चार पिढ्यांत अखंड बनत आली आहे, दोन आसनांच्या स्पोर्ट्स मोटारींमध्ये सर्वाधिक खपाची म्हणून २००० मध्ये तिची गिनीज बुकात नोंद झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने १० लाखांचा टप्पा गाठला.

समजुतीचे मूळ

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांना एमजी कंपनीच्या छोट्या उघड्या मोटारींची गोडी लागली आणि त्यातून अमेरिकेत ब्रिटिश रोडस्टरची मोठी बाजारपेठ उभी राहिली. ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, लोटस ही नावे त्या काळातली. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीच्या, बंद छताच्या आवृत्तीसह, पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. या मोटारी चालवायला चपळ आणि दिसायला देखण्या होत्या, तरी इंजिनातून तेल गळणे, विद्युतयंत्रणा दगा देणे आणि छताच्या सांध्यांतून पाणी झिरपणे हे त्यांच्या मालकांच्या नित्य परिचयाचे होते. त्यामुळे रोडस्टर बाळगणाऱ्याकडे भरवशाची दुसरी गाडी हवी, हा संकेत रूढ झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेने सुरक्षेचे आणि धूर-उत्सर्जनाचे नियम कडक केले. ते पाळण्यासाठी एमजीबीला जाड काळे बंपर लावावे लागले, गाडीची उंची वाढवावी लागली, आणि त्यात तिची चपळाई कमी झाली. अखेर १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डन येथील एमजीचा कारखाना बंद झाला.

ही पोकळी भरून काढता येईल, असे बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने १९७९ मध्ये माझदाच्या संशोधन विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो यांना सुचवले. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले, हॉल माझदाच्या अमेरिकी शाखेत दाखल झाले आणि तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली घडलेली गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, वजन कमी आणि छत कापडाचे, ही मांडणी जुन्या ब्रिटिश परंपरेतीलच होती. फरक होता तो यंत्रात. तिचे १.६ लिटरचे इंजिन माझदाच्या ३२३ या साध्या कौटुंबिक मोटारीच्या इंजिन-कुळातले होते आणि त्याला लागणारी देखभालही तशीच साधी होती. झडपांची वेळ सांभाळणारा रबरी टायमिंग बेल्ट सुमारे ९६ हजार किलोमीटरनंतर बदलणे, तेल आणि शीतक वेळच्या वेळी बदलणे, यापलीकडे तिने मालकाकडून फारसे काही मागितले नाही. २००५ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीपासून तर पट्ट्याची जागा साखळीने घेतली. गाडी रोज सकाळी सुरू होईल का, हा रोडस्टरविषयीचा सर्वांत जुना प्रश्न अशा रीतीने निकाली निघाला. त्यानंतर उरले ते प्रश्न जागेचे, छताचे, सुरक्षेचे आणि रस्त्याचे.

आसने आणि सामान

मोटार घेताना बहुतेक माणसे वर्षातून एखाद-दोनदा होणारा प्रवास डोळ्यांपुढे ठेवून आसने मोजतात. रोजच्या फेऱ्यांचा हिशेब मात्र निराळा असतो. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या २०१९ च्या पाहणीनुसार तेथील सुमारे तीन-चतुर्थांश नोकरदार कामावर एकटेच मोटार चालवत जात होते आणि एका बाजूच्या प्रवासाला सरासरी २७ ते २८ मिनिटे लागत होती. अशा प्रवासात पाच आसनांपैकी चार रिकामीच धावतात. त्यामुळे दुसऱ्या आसनावर पिशवी ठेवून जाणाऱ्या नोकरदाराचे रोडस्टरमध्ये काही अडत नाही. इंधनाच्या बाबतीतही ही गाडी डोईजड नाही. २०१९ पासूनच्या, २ लिटर आणि १८१ अश्वशक्तीच्या, हाताने गिअर बदलण्याच्या एमएक्स-५ ला अमेरिकेच्या सरकारी चाचणीत शहर व महामार्ग मिळून लिटरमागे सुमारे १२.३ किलोमीटरचे मायलेज मिळते. ४५ लिटरची टाकी एकदा भरली, की साडेपाचशे किलोमीटर निघतात. १०६० किलोच्या आसपासचे वजन हे या काटकसरीचे मुख्य कारण आहे. ३.९२ मीटर लांबी आणि सुमारे ९.४ मीटर व्यासाचे वळणवर्तुळ यांमुळे गर्दीच्या शहरात गाडी लावणे आणि वळवणेही सोपे जाते.

सामानाची गोष्ट वेगळी आहे. चौथ्या पिढीतील डिकी १३० लिटरची आहे, तर गोल्फसारख्या हॅचबॅकमध्ये सुमारे ३८० लिटर जागा मिळते. दोन मऊ प्रवासी पिशव्या किंवा आठवड्याचा किराणा एमएक्स-५ च्या डिकीत बसतो. मोठी कडक सूटकेस बसत नाही. आसनांपुढे नेहमीचा बंद कप्पा नाही, त्याऐवजी दोन आसनांच्या मधोमध मागे कुलुपाचा छोटा कप्पा दिला आहे. स्टेपनीलाही जागा नसल्याने पंक्चर झाल्यास हवा भरण्याचा पंप आणि भोक बुजवणारे रसायन यांवर भागवावे लागते. मात्र एक गुण येथे नोंदवायला हवा. १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेसारख्या धातूच्या छताच्या गाड्यांत छत दुमडले, की डिकीची निम्म्याहून अधिक जागा जाते. एमएक्स-५ चे छत आसनांमागच्या स्वतंत्र खोबणीत बसत असल्याने डिकी जेवढी आहे तेवढीच राहते. जागा कमी असली, तरी ती रोज सारखीच मिळते, आणि रोजच्या वापरात या खात्रीला महत्त्व आहे.

छताचा हिशेब

बंद मोटारीचे छत ऊन-पाऊस अडवतेच, शिवाय सांगाड्याचा भारही वाहते. ते काढले, की राहिलेला भाग झाकण नसलेल्या खोक्यासारखा पिळवटू लागतो आणि खडबडीत रस्त्यावर काचेची चौकट व डॅशबोर्ड थरथरतात. चार दारांच्या मोटारीचे छत कापून बनवलेल्या गाड्यांत हा दोष झाकण्यासाठी पुष्कळ जादा पोलाद घालावे लागते. एमएक्स-५ ची रचना पहिल्यापासून उघडी मोटार म्हणूनच केली असल्याने आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची एक सलग चौकट दिली असल्याने तिला फारसे वजन न वाढवता ताठपणा आला.

कापडी छतापुढचे खरे आव्हान पाणी आणि आवाज हे आहे. छतावरून ओघळलेले पाणी मागच्या पन्हळीत जमते आणि आसनांमागील छिद्रांतून खाली जाते. ही छिद्रे पालापाचोळ्याने तुंबली, तर पाणी सांगाड्याच्या पोकळ कडांत शिरते आणि आतून गंज धरतो. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या ब्रिटनमध्ये पहिल्या दोन पिढ्यांच्या अनेक गाड्यांच्या कडा याच कारणाने कुजल्या, म्हणून तेथे जुनी गाडी घेणारा इंजिनाआधी दारांखालचा पत्रा तपासतो. छिद्रे वर्षातून दोनदा साफ करणे हे किरकोळ काम आहे. ते टाळण्याची किंमत मात्र मोठी पडते. पहिल्या पिढीतील मागची प्लॅस्टिकची खिडकी उन्हाने पिवळी पडे. दुसऱ्या पिढीत तिच्या जागी काच आली. महामार्गावर कापडी छतातून येणारा आवाज बंद मोटारीपेक्षा स्पष्ट असतो आणि छत उघडून वेगाने जाताना तो आणखी वाढतो, म्हणून दररोज तास-दीड तास महामार्गावर घालवणाऱ्याला या बाबीचा विचार आधीच करावा लागतो. दुमडणाऱ्या कडक छताची आरएफ ही आवृत्ती त्यावरचा मधला मार्ग आहे. तिचे छत विजेवर सुमारे १३ सेकंदांत सरकते, तेही गाडीचा वेग ताशी १० किलोमीटरच्या आत असताना. साध्या आवृत्तीचे छत सिग्नलला थांबल्या जागी, आसनावरून न उठता एका हाताने ओढून घेता येते.

शरीर आणि सुरक्षा

सुमारे १.२३ मीटर उंचीच्या गाडीत बसणे म्हणजे खाली उतरणे आणि बाहेर येणे म्हणजे स्वतःला वर उचलणे. तरुणाला हे जाणवत नाही. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्याला दिवसातून चार वेळा ते करणे जड जाते. उंच चालकांची अडचण माझदालाही कळली असावी, कारण २०१९ पासून स्टीअरिंग पुढे-मागे सरकवण्याची सोय देण्यात आली.

सुरक्षेचा प्रश्न याहून गंभीर आहे. दोन वाहने समोरासमोर आदळतात तेव्हा संवेग राखला जात असल्याने हलक्या वाहनाच्या वेगात होणारा बदल वस्तुमानांच्या प्रमाणात अधिक असतो. दुप्पट वजनाच्या पिकअपशी टक्कर झाल्यास रोडस्टरमधील माणसांना पिकअपमधील माणसांपेक्षा दुप्पट वेगबदल सोसावा लागतो. अमेरिकेत दोन टनांच्या घरातील पिकअप रस्तोरस्ती असतात आणि त्यांपैकी काहींचे बॉनेट एमएक्स-५ च्या छताइतके उंच असते, म्हणून तिच्या चालकाला आपण दिसत नसल्याचे गृहीत धरूनच गाडी चालवावी लागते. वाहन घसरू लागताच चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून ते सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अमेरिकेत २०१२ सालच्या मोटारींपासून सक्तीची झाली. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांवर चालणारी गाडी रोज वापरणाऱ्याने १९९० च्या दशकातील स्वस्त नमुन्याच्या मोहात पडण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हवे. लहान मुलांच्या बाबतीत तर तडजोडीला जागाच नाही. १३ वर्षांखालील मुलांनी मागच्या आसनावर बसावे असा तेथील आरोग्य आणि वाहतूक यंत्रणांचा सल्ला आहे, आणि रोडस्टरला मागचे आसनच नाही.

महाराष्ट्र-गोव्याचे रस्ते

एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, पण रोडस्टर येथे अगदीच अपरिचित नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासचा सांगाडा आणि रेनो कंपनीचे छोटे इंजिन असलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची उघडी मोटार गोव्यात बनू लागली होती. तिचा खप तुरळकच राहिला. आयात केलेल्या बीएमडब्ल्यू झेड-४ सारख्या गाड्या मुंबई-पुण्यात अधूनमधून दिसतात, परंतु त्यांचा रोजचा वापर विरळाच.

याचे एक कारण गतिरोधकांत आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या वळणाचा असावा. एमएक्स-५ च्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २.३१ मीटर असल्याने अशा गतिरोधकावर चारही चाके एकाच वेळी चढतात आणि भूमितीनुसार चाकांमधील उंचवटा केवळ चार सेंटिमीटरचा उरतो. सुमारे १३५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सला तो सहज पेलतो. गावोगावी आणि सोसायट्यांच्या दारांत मनाने बांधलेले अरुंद, उंच गतिरोधक मात्र थेट पोटाला घासतात. खड्ड्यांचा हिशेबही असाच आहे. २०५/४५ मापाच्या टायरची भिंत सुमारे ९ सेंटिमीटर उंच असते, म्हणून खोल खड्ड्यात टायर दबून रिमला थेट मार बसतो. पावसाची तफावत तर डोळ्यांत भरणारी आहे. लंडनमध्ये वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर मुंबईत एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक आहे. कापडी छत हा पाऊस अडवू शकते, पण तुंबलेल्या रस्त्यावर बुटक्या गाडीच्या इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरले, तर ते सिलिंडरमध्ये दाबले न जाता दट्ट्याचे दांडे वाकवते. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी छत उघडण्याची इच्छा फार थोड्यांना होईल. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्याला कोरडा उन्हाळा आणि बरे रस्ते मिळतात, न्यू जर्सीतील त्याच्या भावंडाला हिवाळ्यासाठी टायरचा वेगळा संच ठेवावा लागतो. पुण्यातील चाहत्यापुढील अडचणी या दोघांपेक्षाही वेगळ्या आहेत.

या सर्व विवेचनावरून असे दिसते, की रोजच्या वापरास रोडस्टर अपात्र ठरवणारे यांत्रिक कारण १९८९ नंतर उरलेले नाही. घरात लहान मूल नसणे, कार्यालयाचा रस्ता सपाट आणि न तुंबणारा असणे, गाडी लावायला छपराखालची जागा मिळणे आणि मोठ्या सामानाच्या दिवसासाठी भाड्याची किंवा घरातली दुसरी मोटार उपलब्ध असणे, या चार अटी पुऱ्या होत असतील, तर एकट्याने किंवा जोडीने राहणाऱ्या माणसाला ती वर्षाचे बहुतेक दिवस समर्थपणे साथ देते. पहिली अट पुरी होत नसेल, तर बाकीच्या तिन्हींचा विचार करण्याचे कारण नाही. दुसरी पुरी होत नसेल, तर दोष गाडीचा नसून रस्त्याचा आहे, आणि तो दूर होईपर्यंत महाराष्ट्रात रोडस्टर ही पहाटेच्या मोकळ्या महामार्गापुरतीच राहणार.