लेकराचा ताबा आणि कोर्टाचा कागद

मंडळी, नवराबायकोचे कधी कधी पटेनासे होते. दोघे वेगळी राहू लागतात. भांडी वाटून घेता येतात. शेत वाटून घेता येते. पण लेकरू कसे वाटायचे? मग कोर्ट ठरवून देते. लेकरू कोणाकडे राहील, दुसऱ्याने त्याला कधी भेटायचे, हे कागदावर लिहिले जाते. लेकरू ज्याच्याकडे राहते, त्याच्याकडे लेकराचा ताबा आहे असे म्हणतात.

हा कागद एकदा झाला की तो कायमचा, असे पुष्कळांना वाटते. "कोर्टाने लिहिलं, आता काय करणार?" असे म्हणून माणसे गप्प बसतात. ही समजूत खरी नाही. खरे काय ते आज पाहू.

समजा, आपल्या वारूळवाडीत एक बाई माहेरी राहते. तिचा मुलगा सात वर्षांचा आहे. कोर्टाने त्याचा ताबा आईला दिला. महिन्यातून दोनदा शनिवारी संध्याकाळी बाप त्याला नेतो आणि रविवारी आणून सोडतो. पहिले वर्ष बरे गेले. मग बापाला दारूची सवय लागली. पिऊन तो पोराला मोटारसायकलवर बसवतो आणि पुणे-नाशिक रस्त्याने नेतो. एकदा दोघे पडले. पोराचा गुडघा फुटला. आता शनिवार आला की पोरगं जेवत नाही.

मामा म्हणतो, "ह्यापुढं पोर पाठवायचंच नाही." आजी म्हणते, "अगं, बापच आहे तो. तो का पोराचं वाईट करील?" शेजारीण म्हणते, "पोराला घेऊन रातोरात मुंबई गाठ." बाईने कोणाचे ऐकावे?

आम्ही म्हणतो, तिघांचेही ऐकू नये. आजीचे ऐकून गप्प बसली, तर पोराचा जीव धोक्यात राहील. मामाचे किंवा शेजारणीचे ऐकले, तर कोर्टाचा हुकूम मोडल्याचा ठपका तिच्यावरच येईल. बाप कोर्टात जाऊन म्हणेल, "ही मला पोर भेटू देत नाही." मग खरी गोष्ट बाजूला राहील आणि बाई गुन्हेगार दिसेल. तिने ज्या कोर्टाने हुकूम दिला, त्याच कोर्टाकडे जावे आणि हुकूम बदलून मागावा.

हुकूम बदलता येतो का? येतो. हिंदू विवाह कायदा 1955 सालचा आहे. त्याच्या 26व्या कलमात मुलांच्या ताब्याचा हुकूम कोर्टाला वेळोवेळी बदलता येतो, असे लिहिले आहे. मद्रासकडील एका कुटुंबाच्या खटल्यात 1973 साली सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितले. मुले म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे आणि खेळणीही नव्हेत. परिस्थिती बदलली, तर ताब्याचा हुकूमही बदलू शकतो, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

मग कोर्ट काय पाहते? बापाचा हक्क मोठा की आईचा, हे पहिले पाहत नाही. लेकराचे हित कशात आहे, हे पहिले पाहते. 1956 सालच्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. पाच वर्षांच्या आतले मूल सामान्यपणे आईकडे असावे, असेही त्यात आहे. इतर धर्मांच्या लोकांना 1890 सालच्या पालकत्वाच्या कायद्याने कोर्टात जाता येते. मूल समजत्या वयाचे असेल, तर न्यायाधीश त्याचेही म्हणणे विचारात घेतात.

कधी उलटही घडते. मूल बापाकडे असते आणि धोका आईच्या घरी असतो. तेव्हा बापालाही हाच रस्ता मोकळा आहे.

आता काम कसे करावे ते सांगतो.

पहिली गोष्ट, कोर्टाचा कागद काढा आणि स्वतः वाचा. तुम्ही आता वाचायला शिकला आहात, त्याचा उपयोग इथे आहे. कोर्टाचे नाव, तारीख आणि खटल्याचा नंबर पाहा. भेटीचे दिवस व वेळ नीट वाचा. कळले नाही, तर शाळेच्या गुरुजींना विचारा. न वाचता कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही करू नका.

दुसरी गोष्ट, एक वही करा. जे घडले ते तारखेसह लिहा. "अमुक तारखेला पोराला आणून सोडले. तोंडाला दारूचा वास होता. शेजारच्या दोघांनी पाहिले." एवढे पुरे. शिव्याशाप लिहू नका. पाहिले तेवढेच लिहा. पोराला लागले असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा आणि कागद जपून ठेवा.

तिसरी गोष्ट, शाळेत जाऊन गुरुजींना किंवा बाईंना भेटा. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. घरात बिघडले की ते वर्गात आधी दिसते. हसणारे पोर गप्प होते. बाकावर डोके ठेवून झोपते. सुटी झाली तरी घरी जायला मागत नाही. एक मुलगा असाच दर सोमवारी गप्प असे. आम्ही त्याला आळशी समजून रागावलो. कारण पुढे फार उशिरा कळले. ती चूक आम्हांला अजून बोचते. म्हणून शाळेला आधीच सांगून ठेवा. हजेरीचा पटही कोर्टात उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट, वकील गाठा. पैसे नाहीत म्हणून अडू नका. 1987 सालच्या कायद्याप्रमाणे बायकांना आणि मुलांना फुकट वकील मिळतो. त्यांची मिळकत किती, हे पाहत नाहीत. जुन्नरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे चौकशी करा. 15100 ह्या नंबरावर फोन केला तरी माहिती मिळते.

वकील अर्ज लिहील. दुसऱ्या बाजूला नोटीस जाईल. निकालाला वेळ लागतो. तोवर पोराचे काय? त्यासाठी तात्पुरता हुकूम मागता येतो. भेट दिवसाउजेडी व्हावी, रात्री मुक्काम नको, भेटीच्या वेळी भरवशाचे माणूस हजर असावे, पोराला गाडीवर नेऊ नये, असे मागता येते. बापाची भेट साफ तोडा, असेच दर वेळी मागायला हवे असे नाही. दारू सुटली, वागणे सुधारले, तर तोही पुढे हुकूम बदलून मागू शकतो. पोराला बापही हवा असतो, पण शुद्धीवर असलेला.

मात्र धोका आजच, आत्ताच असेल, तर कोर्टाची वाट पाहू नका. बाप पिऊन दारात उभा आहे, तर पोर त्याच्या गाडीवर बसवू नका. 112 नंबरावर पोलिसांना बोलवा. 1098 हा मुलांच्या मदतीचा फुकट नंबर आहे. मग लगेच वकिलाला गाठा आणि काय झाले ते कोर्टाला कळवा.

मुलाशी कोणी घाणेरडे वागले असेल, तर अब्रूला भिऊन झाकू नका. 2012 सालच्या कायद्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. मुलाचा जबाब घरीही घेता येतो. त्या वेळी पोलिसांनी वर्दी घालायची नसते. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही.

आणखी एक सांगणे आहे. पोराला पढवू नका. "कोर्टात असं असं सांग" म्हणू नका. उलटसुलट विचारून त्याला भंडावू नका. ते आपणहून बोलेल ते शांतपणे ऐका. नवऱ्यावरचा किंवा बायकोवरचा राग काढायला खोटा आरोप तर कधीच करू नका. त्याने पोराचे आईबाप दोन्ही जातात. शिवाय खऱ्या तक्रारीवरही लोक विश्वास ठेवीनासे होतात.

ध्यानात ठेवा :
ताब्याचा हुकूम बदलता येतो.
पोर लपवू नका, अर्ज करा.
तारखेसह लिहून ठेवा.
धोका समोर असेल, तर आधी पोराला सांभाळा.

आईबापांचे भांडण मिटो वा न मिटो, लेकराला रात्री निवांत झोप लागली पाहिजे. ते पाहणे मोठ्या माणसांचे काम आहे.