‘एज्युकेशनीज’ : एका शब्दाची घडण

शिक्षकवर्गाच्या बोजड व्यावसायिक भाषेस इंग्रजीत ‘एज्युकेशनीज’ असे एक नाव आहे. हे नाव गौरवाचे नव्हे, उपहासाचे आहे. त्याची घडण पाहिली असता आपणांस त्यातून पुष्कळ शिकता येईल.

‘चायनीज’, ‘जपानीज’ या शब्दांच्या शेवटी येणारा ‘ईज’ हा प्रत्यय मूळ लॅटिनमधला. ‘अमुक ठिकाणचा’ हा त्याचा अर्थ. देशाच्या नावास तो लागला म्हणजे तेथील माणसे व त्यांची भाषा यांचा बोध होतो. पुढे तो थट्टेकडे वळला. आपल्या १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे सर्वांस परिचित असलेल्या मेकॉलेने १८३१ मध्ये कोशकार डॉ. जॉन्सन यांच्यावर लिहिताना म्हटले की, ते बोलत साधे इंग्रजी. परंतु लिहावयास बसले म्हणजे त्याचे ‘जॉन्सनीज’मध्ये भाषांतर करीत! त्याच शतकात वर्तमानपत्री भाषेस ‘जर्नलीज’ हे नाव मिळाले. आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शिक्षणक्षेत्राची पाळी आली. शिक्षक जणू परमुलखातले असून त्यांची बोली इतरांस उमगत नाही, हा टोमणा त्या प्रत्ययात आहे.

मग पारिभाषिक शब्द टाकून द्यावयाचे काय? मुळीच नाही. १९२९ च्या हार्टोग समितीच्या अहवालाने ज्या दोन दोषांकडे लक्ष वेधले, त्यांस आपण ‘गळती’ व ‘स्थगिती’ म्हणतो. शिक्षण पुरे होण्यापूर्वीच मूल शाळा सोडते, ती गळती. एकाच इयत्तेत वर्षाहून अधिक काळ अडकते, ती स्थगिती. अहवालात हे शब्द श्रम वाचवितात. परंतु पालकाच्या मनात गळती म्हणजे छपराची आणि स्थगिती म्हणजे कोर्टाची!

ऊसतोडीस निघालेल्या बापास ‘गळतीचे प्रमाण रोखावयाचे आहे’ असे सांगितले, तर तो आदराने मान डोलावील आणि मुलास बरोबर घेऊन जाईल. त्याऐवजी म्हणावे, “दादा, पोराला आता कुठे वाचायला येऊ लागलंय. आजीजवळ ठेवता आलं तर ठेवा. नाहीतर जिथं जाल तिथल्या शाळेत पहिल्याच दिवशी त्याला घाला.” कदाचित ते मूल शाळेत टिकेल.

पुढील पालकसभेपूर्वी शिक्षकबंधुभगिनींनी एवढे करावे : ‘अध्ययन निष्पत्ती’, ‘आकारिक मूल्यमापन’ असे नित्याचे पाच शब्द वहीत लिहून प्रत्येकासमोर पालकांस समजेल असे एकेक वाक्य लिहावे. जेथे वाक्य सुचणार नाही, तेथे तो शब्द आपणांसच नीट उमगलेला नाही, असे समजावे.