इंजिन ओरडते, पण नाव हलत नाही: जुन्या मोटरचा गिअर उघडण्याआधी हे बघा



पैनगंगेत असो की सातनाल्याच्या धरणात, आपल्याकडे बहुतेक नावा वल्ह्यावरच चालतात. ज्यांच्याकडे मागे लावायची मोटर आहे, तीही बहुतेकदा कुणाकडून तरी घेतलेली जुनीच. तिचा पार्ट सहज मिळत नाही. एव्हिनरूडसारख्या जुन्या नावाच्या कंपनीच्या नवीन मोटरी तर २०२० मध्येच बंद झाल्या. म्हणून गिअर तुटू न देणं हीच मोठी कमाई आहे. आणि पावसाळ्यात धार वाढलेली असताना मोटर मधेच सुटली, तर नुसता खर्च नाही, जिवावर बेततं.

आधी आत काय आहे ते समजून घ्या. इंजिनचा उभा शाफ्ट खाली येतो. त्याच्या टोकाला लहान गिअर, म्हणजे पिनियन. ते पुढचा आणि मागचा असे दोन गिअर एकमेकांच्या उलट फिरवत राहतं. त्या दोघांच्या मधे पंख्याच्या शाफ्टवर सरकणारा एक तुकडा असतो, त्याला डॉग क्लच म्हणतात. तो ज्या गिअरच्या खाचेत अडकेल, त्या दिशेला पंखा फिरतो.

इंजिन जोरात चालतंय पण नाव जागची हलत नाही, तर लगेच गिअर गेला असं समजू नका. आधी इंजिन बंद करा, प्लगची वायर काढा. मग क्रमाने बघा:

१. पंख्याची पिन. दगड किंवा लाकूड लागलं की ही पिन मुद्दाम तुटते, म्हणजे गिअर वाचतो. हाताने पंखा फिरतो पण शाफ्ट स्थिर राहतो, तर पिन तुटली आहे. काही मोटरींत पिनच्या जागी पंख्याच्या मधे रबर असतं, ते सुटलं तरी हेच होतं. पिनच्या जागी लोखंडी खिळा कधीच घालू नका. पुढच्या दगडाला खिळा टिकेल, गिअरचे दाते जातील.

२. ऑईल. खालचा स्क्रू सैल करून थोडं ऑईल बाटलीत घ्या. दुधासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी शिरलंय. बऱ्याचदा पंख्यामागे जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळून सील कापतो. म्हणून मधूनमधून पंखा काढून धागा साफ करा. ऑईलमध्ये बारीक चमक थोडी चालते, पण धातूचे कण किंवा तुकडे निघाले तर मोटर वापरू नका.

३. डॉग क्लच. जोर दिला की कट-कट आवाज येऊन गिअर सुटतो, तर क्लचचे कोपरे गोल झालेत. कारण बहुतेकदा आपला हात. गिअर हळूहळू टाकला की कोपरे घासतात. इंजिन मंद करा आणि गिअर एका झटक्यात टाका.

दाते खरंच तुटले असतील तर वेल्डिंग करून भागवू नका. गिअरचं वरचं कडक पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडतं, आणि तुटलेला तुकडा बाकीचे दातेही खातो. पिनियन आणि पुढचा गिअर जोडीनेच बदला, कारण ते एकमेकांवर घासून बसलेले असतात. सील, बेअरिंगही त्याच वेळी बघा. उघडताना प्रत्येक पार्टचा मोबाईलवर फोटो काढा. पातळ वायसर कुठून निघाले, किती होते, हे लिहून ठेवा. त्यांच्यावरच दात्यांमधलं अंतर ठरतं. पार्ट मागताना मोटरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर सांगा, दाते मोजा आणि जुना गिअर सोबत न्या.

ऑईल भरताना खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावा, नंतर खालचा. साधं इंजिन ऑईल नको, मरीन गिअर ऑईलच घ्या.

पहिल्या फेरीला काठाकाठाने चालवा, वल्हं सोबत ठेवा, आणि काही तासांनी ऑईल पुन्हा तपासा. एक जास्तीची पिन आणि पाना कायम नावेतच असू द्या, बरं का. जुनी मोटर ज्या घरात आहे, तिथे ही माहिती नक्की पोहोचवा.