चित्रीकरणाची राखण



उपासनेनंतर आपण दहा मिनिटांची चित्रफीत पाहता, तिच्यामागे कित्येक तासांचे चित्रीकरण असते. ते आधी नीट लावले नाही, तर संकलन करताना एकाच्या चेहऱ्याला दुसऱ्याचे शब्द जोडले जातात. मावळात कातकरी आहेत आणि ठाकरही. दोन्ही समाजांची बोली आणि गाणी वेगळी. ठाकरांचा नाच कातकऱ्यांच्या माहितीबरोबर दाखवला, तर ज्यांची सेवा करायची त्यांनाच आपण ओळखत नाही असे होईल. पुन्हा चित्रण करावे म्हटले, तर पावसाळा सरला की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात, ती पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात.

वाडीभेटीला येऊन मोबाइलवर चित्रण करणाऱ्या आपल्या तरुणांनी म्हणून एवढे जपावे.

१. दोन प्रती. कार्डावरील सर्व फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून, उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. दोन्ही डिस्क एका कपाटात नकोत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ठेव्यातील जुने नायट्रेट चित्रपट आगीत जळाले. एवढ्या मोठ्या संस्थेवर जे ओढवले, ते आपल्यावरही ओढवू शकते. लोणावळ्याच्या पावसाळी दमटपणात डिस्क आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत.

२. फोल्डरचे नाव. आधी वर्ष, मग महिना, दिवस, वाडी आणि कॅमेरा, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर द्यावा, कारण दोन कार्डांवर एकाच नावाच्या फाइली असू शकतात. संकलन सुरू झाल्यावर फोल्डर हलवू नये, नाव बदलू नये. सॉफ्टवेअरला फाइल सापडत नाही.

३. मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की त्याचा दर्जा घसरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर आणून द्या.

४. नोंदवही. फाइल क्रमांक, कितव्या मिनिटाला कोण बोलते, कोणत्या बोलीत, आणि त्याचा मराठी अर्थ, हे त्याच आठवड्यात लिहावे. अर्थ वाडीतल्याच जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. महिन्याभराने आपल्याला चेहरे आठवतात, नावे नाही.

५. संमती. नोंदवहीत यासाठी वेगळा रकाना असावा: मंडळीत दाखवायला हो, इंटरनेटवर टाकायला नाही, असेही कोणी सांगते. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावे, आणि मुलाचे नाव व वाडी एकत्र दाखवू नये. उद्या एखाद्या ताईंनी “माझं बोलणं काढून टाका” असे सांगितले, तर ते आपल्याला लगेच सापडले पाहिजे, दोन्ही डिस्कवर. नुसत्या आठवणीवर ते होत नाही.

योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांचे जेवण झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले. बारा टोपल्या भरल्या. चित्रफितीत न बसलेली आजीची आठवण, एखादे गाणे, हेही तसेच तुकडे आहेत. बोली जाणणारे वडीलधारे कमी होत आहेत. पुढे त्यांच्या नातवंडांनी मागितले, तर आपल्याला ते त्यांच्या हाती देता आले पाहिजे.

ज्यांना संगणकावर नोंदी करता येतात, त्यांनी महिन्यातून एक शनिवार या कामासाठी द्यावा, ही नम्र विनंती. प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो.