कवचात कोंडलेलं यान

मंगळाची जवळून काढलेली पहिली छायाचित्रं मरिनर ४ या अमेरिकी यानानं पाठवली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच्या उड्डाणाच्या तेवीस दिवस आधी, ५ नोव्हेंबर १९६४ रोजी, त्याच बनावटीचं मरिनर ३ फ्लोरिडातून झेपावलं होतं. त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही.

घात केला तो कवचानं. हवेचा मारा आणि उष्णता यांपासून यानाला जपणारं हे आवरण वातावरण ओलांडल्यावर गळून पडायला हवं. वजन वाचावं म्हणून ते या वेळी फायबरग्लासचं केलं होतं : दोन पातळ थर आणि मधे पोळ्यासारखी षटकोनी घरं. रॉकेट वर गेलं तशी बाहेरची हवा विरळ झाली, पण घरांत कोंडलेली हवा तशीच राहिली. तिच्या दाबानं आतला थर सुटला आणि यानात अडकला. कवच काही निघेना. चारही सौरपंख मिटलेलेच राहिले, त्यामुळे वीज तयार होईना. जमिनीवरून आज्ञा जात राहिल्या, पण उपयोग झाला नाही. पावणेनऊ तासांत बॅटरी संपली आणि २६० किलोचं यान मुकं झालं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मंगळाकडे जाण्याची संधी साधारण २६ महिन्यांनी येते आणि ही संधी थोड्याच दिवसांत हुकणार होती. अभियंत्यांच्या हाती यानाचे तुकडे नव्हते, होते फक्त त्यानं पाठवलेले मोजके आकडे. त्यांवरून आणि निर्वात कक्षातल्या चाचण्यांवरून त्यांनी दोष हुडकला, मॅग्नेशियमचं नवं कवच घडवलं आणि २८ नोव्हेंबरला मरिनर ४ सोडलं.

जुलै १९६५ मध्ये ते मंगळापासून सुमारे ९,८०० किलोमीटरवरून गेलं. संदेश इतके सावकाश येत होते, की पासाडेनातल्या प्रयोगशाळेत संगणकाचं चित्र तयार होईपर्यंत कुणाला धीर धरवेना. तिथल्या अभियंत्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि प्रत्येक आकड्याला ठरलेला रंग खडूनं भरत पहिलं चित्र हातानं रंगवलं. पुढच्या चित्रांत विवरं दिसली. मंगळावर कालवे असतील ही आशा मावळली.

या यशात मरिनर ३ चा वाटा मोठा आहे. तोच दोष उड्डाणाआधी कळला नसता, तर मरिनर ४ सुद्धा कवचातच राहिलं असतं.